बावन्न ग्रॅम

"हे बाकडं ज्याने बनवलं ना, त्याला आधी तासभर यावर बसवायला हवा होता," आई पुटपुटली. "पट्टी कसली, सुरीची पात आहे नुसती. आणि वर नववा नंबर. आतल्यांना काय, त्यांच्या खुर्चीला गादी आहे."

ताईने अंगातला स्वेटर काढला, घडी केली आणि आईच्या खाली सरकवला. आईने तो निमूट घेतला, पण कुरकुर सोडली नाही. आईचं असंच होतं. ज्या दिवशी तिला खरी भीती वाटे, त्या दिवशी ती बाकडी, पंखे, चपलांचे पट्टे असल्या गरीब वस्तूंवर तुटून पडे. बाबा गेले त्या दिवशी तिने दवाखान्यातल्या चहाचा असा उद्धार केला होता की बिचारी नर्स रडकुंडीला आली होती.

बाकड्यावर तिघं होती. भिंतीकडे आई, मध्ये ताई, आणि टोकाला अर्धा बाकड्यावर, अर्धा हवेत असा धाकटा. धाकटा म्हणजे चाळिशीला टेकलेला, कानशिलं पांढरी झालेला बाप्या. पण घरात एकदा धाकटा ठरला तो ठरला. त्याच्या शर्टाला ताईने सकाळी इस्त्री केली होती. दोनदा. पहिल्या वेळी तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं आणि कॉलरवर भलतीच घडी पडली.

समोर बंद दार होतं. दारावर पाटी: 'जुने खटले, फेरविचार कक्ष.' पाटीवरचा रंग अजून ओला वाटावा इतकी नवी.

कायदा बदलला होता. पूर्वी कुणाच्या खिशात गांजा सापडला की पोलीस तो काट्यावर ठेवत. पन्नास ग्रॅमपर्यंत भरला, तर तो माणूस ओढणारा. दंड भरा, घरी जा. पन्नासच्या वर काटा गेला, की तोच माणूस व्यापारी. तीन वर्षं आत, आणि नावावर कायमचा डाग. अर्थात हेही सगळ्यांना सारखं नव्हतं. टेकडीवरच्या बंगल्यांत पोलीस गेले तर काटा सोबत नेत नसत. आता नव्या कायद्याने पन्नास ग्रॅमपर्यंतचा गुन्हा पुसून टाकला होता, जुन्या नोंदीसुद्धा. पुढारी भाषणांत सांगत होते, जुना अन्याय धुऊन काढला. काढला होता खरा. पन्नासाव्या ग्रॅमपर्यंत.

धाकट्याच्या कागदावर आकडा होता बावन्न.

फुकटच्या वकीलबाईंनी, म्हणजे सरकारने गरिबांसाठी नेमलेल्या, कायम सर्दी झालेल्या एका चुणचुणीत पोरीने, पन्नास ते पंचावन्नमधल्या सगळ्यांचे अर्ज एकगठ्ठा भरले होते. कायद्यात एक बारीकशी फट होती: नोंदवलेलं वजन चुकीचं होतं असं दाखवता आलं, तर फेरविचार. "काठावरच्या माणसाला कधीकधी हात मिळतो," असं नाक पुसत त्या म्हणाल्या होत्या. "पण आज शेवटचा दिवस. आज आक्षेप नोंदवला नाही, तर तुमचं वजन जन्मभरासाठी पक्कं."

पुढे त्या जे म्हणाल्या होत्या, ते ताईला आठवडाभर झोपू देत नव्हतं. "पण वजन चुकीचं होतं हे दहा वर्षांनी दाखवणार कोण? तो काटा तपासणाराच आला तर गोष्ट वेगळी."

काटा तपासणारी इथेच बसली होती. मधल्या जागी, अंगातला स्वेटर आईला देऊन.

वजनकाटे दुरुस्त करण्याचं दुकान बाबांनी उभं केलं आणि ताईने पुढे नेलं. अख्ख्या पेठेत तिला 'काट्याच्या ताई' म्हणत. सोनाराचा नाजूक काटा असो, भंगारवाल्याचा दांडगा असो, वर्षातून एकदा तो तिच्याकडे येई, ती जुळवून देई, शिक्का मारी. शिक्का मारायचा परवाना सरकारी होता आणि तो बाबा असतानाच तिच्या नावावर झाला होता. पोलीस चौकीचा काटाही तिच्याकडेच येई.

बाबांचा एक नियम होता. काटा एका वजनाने जुळवायचा आणि दुसऱ्या वजनाने तपासायचा. ज्याने जुळवलं, त्यालाच विचारून उपयोग नाही. हा नियम ताईने हजारो वेळा पाळला. एकदा पाळला नाही.

त्या दिवशी दुकानात गर्दी होती, बाबा डोळे तपासायला गेले होते, आणि चौकीचा हवालदार गल्ल्यापुढे उभा राहून दर दोन मिनिटांनी "झालं का हो ताई, झालं का" करत होता. तिने पेटीतून दोनशे ग्रॅमचं पितळी वजन उचललं, काट्यावर ठेवलं, काटा दोनशेवर आणला, शिक्का मारला. हवालदार गेला. दुसऱ्या वजनाने विचारायचं राहून गेलं.

जुन्या पितळी वजनांच्या बुडाला एक खळगा असतो. वजन बरोबर भरावं म्हणून त्यात शिसं ओतून बसवलेलं असतं. त्या दोनशेच्या वजनातलं शिसं कधीतरी, बहुधा ते जमिनीवर पडलं तेव्हा, निखळून गेलं होतं. वजन साडेअकरा ग्रॅमने हलकं झालं होतं. आणि हलक्या वजनाला दोनशे म्हणायला शिकलेला काटा पुढे वर्षभर सगळंच वाढवून सांगत राहिला. एकोणपन्नासला बावन्न.

धाकटा त्याच वर्षी पकडला गेला. तेव्हा तो रुग्णवाहिका चालवायचा. रस्त्यावर सांडलेली माणसं उचलून आणायचा आणि पाळी संपली की त्याला झोप लागायची नाही. गांजा ओढला की लागायची. व्यापार करणं त्याच्या रक्तात नव्हतं. लहानपणी शाळेच्या जत्रेत त्याने मांडलेल्या लिंबू सरबताच्या दुकानात सगळं सरबत त्यानेच प्यायलं होतं. पण काट्याने त्याला व्यापारी ठरवलं.

आणि शिशाची ती गोळी ताईला सापडली, तेव्हा धाकट्याला शिक्षा होऊन तीन महिने झाले होते.

झाडू मारताना कपाटाखालून गडगडत आली. तिने उचलली, पाहिली. मग पेटीतली वजनं एकेक उलटी करत गेली. दोनशेचं उलटं केलं आणि तिथेच फतकल मारून बसली. बाबा आले. त्यांनी तिच्या हातातलं वजन घेतलं, खळग्यात बोट घातलं, बराच वेळ घालून ठेवलं. दारात आई उभी होती. बाबांनी वजन वर्तमानपत्रात गुंडाळलं, वरच्या फळीवर ठेवलं आणि म्हणाले, "चहा झाला का?"

एवढंच. त्या विषयावर त्या घरात झालेलं तेवढंच बोलणं. पुढे वजनाच्या कचेरीत 'दोनशेचं वजन गहाळ' असा अर्ज गेला, ताईच्या सहीने. नवं वजन आलं. वर्षअखेर चौकीचा काटा तपासणीला आला, तेव्हा तिने तो गुपचूप सरळ केला. परवाना जाईल, दुकान बंद होईल, बाबांचं नाव मातीत जाईल, आणि बहीण भावासाठी खोटं बोलते म्हणून कुणी विश्वासही ठेवणार नाही, असं तिने स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला समजवायला बसला की फार समजूतदार होतो. आधी वाटलं अपिलात सांगू. अपिलाची मुदत गेली. मग वाटलं, बाबांची तब्येत सुधारली की. बाबा गेले. मग सांगण्यासारखं काय उरलं होतं, आणि न सांगून किती झालं होतं, हे दोन्ही तिला मोजता येईना. आयुष्यभर मोजण्याचं काम केलेली बाई.

"आठ नंबर!" दारातून शिपाई ओरडला.

पलीकडच्या बाकड्यावरून एक रंगारी उठला. त्याच्या नखांच्या कडांना पांढरा रंग होता, आणि बहुतेक तो जन्माचाच होता. उठता उठता त्याने धाकट्याकडे पाहिलं. "तुमचं किती?"

"बावन्न."

"बाप रे. मोठे व्यापारी तुम्ही." त्याने हसून छातीवर हात ठेवला. "आम्ही किरकोळ. एकावन्न."

धाकटाही हसला. गांजाच्या ग्रॅमवरून एकमेकांची फिरकी घेणारी ती दोन माणसं ताईला पाहवेनात. ती उठली आणि पाय मोकळे करायच्या निमित्ताने दारापाशी गेली. दाराशेजारी आजची यादी डकवलेली होती. नंबर, चौकी, वर्ष, वजन. तिने सवयीने आकड्यांवरून नजर फिरवली, आणि नजर अडकली.

एकूण बावीस अर्ज. सबंध शहराच्या चौदा चौक्यांतले, पंधरा वर्षांतले. पैकी सात अर्ज एकाच चौकीचे, एकाच वर्षाचे. तिच्या चौकीचे. तिच्या वर्षाचे. आठ नंबरचा रंगारीही त्यांतलाच. एकावन्न. बावन्न. एकावन्न. त्रेपन्न. बावन्न. त्रेपन्न. बावन्न.

डोक्यातला काटा आपोआप चालू झाला. एकावन्न म्हणजे अठ्ठेचाळीस. बावन्न म्हणजे एकोणपन्नास. त्रेपन्न म्हणजे पन्नासला केसभर कमी. सातच्या सात. एकही पन्नासच्या वर जात नव्हता.

दहा वर्षं तिने एका भावाचा विचार केला होता. भावाला तिने डबे पोचवले होते, तो सुटल्यावर वरची खोली त्याला दिली होती, त्याला सर्दी झाली तरी ती हवालदिल व्हायची. घरातल्या घरात फेडत होती. ह्या बाकीच्या सहांना कुणी डबे पोचवले असतील? तिच्या डोक्यात ते कधी आलेच नव्हते. तो काटा फक्त धाकट्याला तोलायला चौकीत ठेवला होता, असंच जणू ती धरून चालली होती.

दार उघडलं आणि रंगारी बाहेर आला. आत जाऊन त्याला चार मिनिटंही झाली नव्हती.

"काय झालं हो?" आईने विचारलं.

"नाही म्हणाल्या आतल्या बाई." तो अजून हसत होता, पण आता ते हसू तोंडावर कुणीतरी विसरून गेल्यासारखं दिसत होतं. "आक्षेप आहे का म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, मला काय माहीत, काटा तुमचा. मग काही पुरावा आहे का म्हणाल्या. एक ग्रॅम म्हणजे किती असतं हो? मी मघाशी शिपायाला विचारलं. तो म्हणाला, कागदाला लावायची एक क्लिप."

"बसा जरा," धाकटा म्हणाला. "पाणी प्या."

"नको, कामावर जातो. अर्धी भिंत ओली आहे." तो दोन पावलं गेला आणि वळला. कुणाला म्हणून नव्हे, असाच बोलला, "बायको थांबली होती दोन वर्षं. तिसरं नाही थांबली. तिचंही बरोबरच आहे."

तो जिना उतरून गेला. त्याच्या चपलांचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि ताईला वाटलं, हाक मारावी. हाक न मारताच ती परत आपल्या जागी येऊन बसली.

"कोण कुठला," आई म्हणाली, "आणि आपल्याला सगळं सांगत बसला." पण तिचा आवाज बारीक झाला होता. तिने ताईकडे पाहिलं नाही. पंख्याकडे पाहिलं. "तो पंखा बघ. फिरतोय की लाजतोय."

वकीलबाई फायलींचा गठ्ठा छातीशी धरून बाहेर आल्या. "नऊ नंबर तुमचाच ना? पाच मिनिटं. अधिकारीबाई चहा घेतायत." त्यांनी शिंक दाबली. "तुमच्या कामाचं काय ठरलंय?"

"साहेब म्हणालेत, कागद आण आणि चावी घे," धाकटा म्हणाला. सुटून आल्यापासून तो रुग्णालयाच्या आवारात रुग्णवाहिका धूत असे. ज्या गाड्या चालवल्या, त्याच. डाग असलेल्या माणसाला रुग्णवाहिकेचं चाक देत नाहीत. धुवायला देतात. "दोन जागा आहेत. महिनाअखेरपर्यंत थांबतो म्हणाले."

"बघू," वकीलबाई म्हणाल्या. ते 'बघू' ऐकून आईने डोळे मिटले.

वकीलबाई गेल्यावर धाकटा जवळ सरकला. पहिल्यांदाच तो बाकड्यावर पुरता बसला. खालमानेने, स्वतःच्या नखांशी बोलावं तसा म्हणाला, "ताई, आत तू काही बोलू नकोस हं."

ताई थिजली. "मी काय बोलणार?"

"तेच म्हणतोय. काही नको. घसा बसलाय म्हण. दोनशेचं वजन नवं कोरं होतं. मी सुटून आलो तेव्हा. बाकी सगळी काळवंडलेली आणि ते एकच सोन्यासारखं. लहानपणी मीच घासायचो ना ती वजनं, चिंच लावून. मला काय कळत नाही?"

सुटून आल्यापासून दुकानाच्या गल्ल्याआड तो एकदाही का बसला नाही, ते ताईला आज समजलं.

"मी काही धरून नाही बसलो," तो घाईघाईने म्हणाला. "तुम्हाला कळलं तोवर मी सुटलो असेन, नाहीतर सुटत आलो असेन. मग बोलून काय उपयोग होता? गेलेली वर्षं कोण परत देणार? हे मी केव्हाच माझ्याशी ठरवून टाकलंय. त्यामुळे तू उगाच… दुकान आहे, आई आहे. मी धुतोय गाड्या, धुतो. सवय झालीय."

ताईने तोंड उघडलं. 'तुला सुटायला पावणेतीन वर्षं होती रे' हे वाक्य जिभेवर अख्खं तयार होतं. शेजारून आईने तिचं मनगट धरलं. आईची बोटं म्हातारी होती, पण पकड अशी की बांगड्या रुतल्या.

"पाणी हवंय का कुणाला?" आई म्हणाली.

"नऊ नंबर!"

आतली खोली लहान होती. एक टेबल, टेबलामागे अधिकारीबाई, साखळीला लटकवलेला चष्मा, भिंतीशी कागद टंकणारा एक कारकून. चहाच्या कपाखाली कुणाची तरी फाईल होती आणि फायलीवर कपाचा गोल उमटला होता. आई आणि ताईला मागच्या खुर्च्या मिळाल्या. धाकटा टेबलापुढे उभा राहिला, हात मागे बांधून. हात मागे बांधायची सवय त्याला कुठे लागली, ते खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

अधिकारीबाई दुष्ट वाटत नव्हत्या, तेच वाईट होतं. दुष्ट असत्या तर ताईला चिडता आलं असतं. त्या फक्त थकलेल्या होत्या आणि त्यांच्यापुढे अजून तेरा फायली होत्या.

"बावन्न ग्रॅम," त्यांनी वाचलं. "शिक्षा पूर्ण भोगलेली. वर्तणूक चांगली. हं." चष्मा वर केला. "हे बघा, तुमच्याबद्दल माझ्या मनात काही नाही. पण मला रेषा आखून दिलेली आहे. रेषेच्या अलीकडचे पुसायचे, पलीकडचे ठेवायचे. नोंदवलेल्या वजनाबद्दल तुमचा काही आक्षेप आहे?"

वकीलबाई म्हणाल्या, "बाई, याच चौकीचे याच वर्षाचे सात अर्ज आहेत, आणि सगळेच काठावर. हे जरा विचित्र नाही का वाटत?"

"विचित्र वाटणं हा पुरावा नाही, वकीलबाई. काट्यावर त्या वर्षीचा अधिकृत शिक्का आहे. तपासणीचा दाखला जोडलेला आहे." त्यांनी एक कागद उलटा करून दाखवला. कागदाच्या तळाशी असलेली सही ताईला तीन हातांवरूनही वाचता आली. त्या सहीचं शेपूट ती अजून तसंच काढायची.

"म्हणून त्यांनाच विचारते." अधिकारीबाई धाकट्याकडे वळल्या. "आक्षेप आहे?"

धाकटा ताठ झाला. "नाही. वजन बरोबर आहे."

वकीलबाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं. आईने रोखलेला श्वास सोडला. तो सुटकेचा होता की कशाचा, देव जाणे. अधिकारीबाईंनी मान डोलावली आणि पेनाचं टोपण काढलं. कारकुनाची बोटं यंत्रावर आली.

ताईच्या डोक्यात त्या वेळी मोठा विचार वगैरे काही आला नाही. तिला फक्त दिसलं, की धाकट्याच्या मागे बांधलेल्या हातांची बोटं पांढरी पडली आहेत. तो तिच्या शिक्क्याची राखण करत उभा होता. आणि खाली कुठेतरी एक माणूस अर्ध्या ओल्या भिंतीकडे चालत निघाला होता.

ती उभी राहिली. खुर्ची मागे कलंडली आणि एवढा आवाज झाला की कारकून दचकला.

"काय हो?" अधिकारीबाई म्हणाल्या.

"वजन चुकीचं आहे."

"ताई!" धाकटा वळला. "बाई, तिचं ऐकू नका, ती माझी बहीण आहे, तिला बरं नाहीये, सकाळपासून…"

"तू गप रे." हे ती अशा सुरात म्हणाली, की चाळीस वर्षांचा माणूस गप झाला. "बाई, त्या दाखल्यावर माझी सही आहे. तो काटा मी जुळवला होता. ज्या वजनाने जुळवला, ते हलकं होतं, बुडातलं शिसं पडलेलं. काटा वर्षभर जास्त दाखवत होता. एकोणपन्नासला बावन्न. हे सात जण, सातही, पन्नासच्या आत आहेत. मघाशी गेले ते रंगारीसुद्धा. ते वजन आमच्याकडे आहे, चौकीचा काटा कोणत्या तारखेला आला त्याची वही आहे, आणि पुढच्या तपासणीला मी तो गुपचूप सरळ केला, तेही वहीत आहे. तपासून घ्या कुणालाही बोलावून."

अधिकारीबाईंनी पेन खाली ठेवलं. सावकाश. वकीलबाई नाक पुसायचंही विसरल्या होत्या; मग एकदम त्यांच्या डोळ्यांत चमक आली, आणि मागोमाग काळजी. त्या ताईजवळ आल्या आणि तिच्या कोपराला हात लावून, मुद्दाम मोठ्याने, एकेक शब्द हातात ठेवावा तसं म्हणाल्या, "ताई, ही चूक तुमच्या लक्षात अलीकडेच आली असेल ना? जुन्या वह्या चाळताना वगैरे? आणि लक्षात आल्याबरोबर तुम्ही इथे सांगताय. असंच ना?"

सुटकेचं दार उघडलं होतं. ताईला ते स्पष्ट दिसलं. अलीकडे कळलं म्हटलं, तर ती चूक. माणसाकडून होते. थोडी बोलणी, थोडा दंड, परवानाही कदाचित राहील. अर्ज सातही मंजूर. धाकट्याला चावी. आणि धाकट्याने स्वतःशी जे ठरवून टाकलं होतं, ज्याच्या आधाराने तो इतकी वर्षं त्यांच्या पंक्तीला जेवत होता, तेही शाबूत.

"हो," मागून आई म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "परवाच. परवाच सापडलं ते. मीच होते की तिथे."

अधिकारीबाई ताईकडे बघत होत्या. "तुमच्या तोंडून हवं मला. हे तुम्हाला कधी कळलं?"

धाकटाही तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर उत्तर आधीच लिहिलेलं होतं. त्याला फक्त तिने ते वाचून दाखवायला हवं होतं. लहानपणी भुताची गोष्ट ऐकताना तो असाच बघायचा. शेवटी भूत नव्हतंच असं सांग, म्हणून.

ताई अधिकारीबाईंशी बोललीच नाही. ती त्याच्याकडे वळली.

"तुला आत जाऊन तीन महिने झाले होते," ती म्हणाली. "बाबांना माहीत होतं, आईला माहीत होतं, मला माहीत होतं. दर पंधरा दिवसांनी मी तुला भेटायला यायचे, काचेपलीकडे तू बसायचास, घरी सगळं बरं आहे ना विचारायचास, आणि मी हो म्हणायचे. मी तेव्हा बोलले असते, तर तू बाहेर आला असतास. मी बोलले नाही. मी तुला तिथे राहू दिलं."